मिटल्या ओठांचं पाणी

बेथ-यारोक गावात त्या वर्षी एक कुजबुज होती. शिमरीतनं म्हणे आपल्या नवऱ्याची जीभ कापून आमच्या कमोशदेवाला वाहिली, आणि देवानं त्या बदल्यात तिला विहिरींची स्वप्नं दिली.

कुजबुज निघाली कुठून, कोण जाणे. अताराच्या भट्टीपाशी ती फुगली, एवढं मात्र नक्की. अतारा गावाच्या भाकऱ्या भाजायची आणि गावाच्या बातम्याही, आणि दोन्ही जराशा करपवायची. कुणी म्हणे जीभ काळ्या गारेच्या सुरीनं कापली. कुणी म्हणे झोपेतच कापली, आणि सकाळी नवरा भाकर मागायला गेला तेव्हा कुठे त्याला कळलं. "इतके गाढ झोपतात मेले पुरुष," असं म्हणून अतारा स्वतःच्या नवऱ्याकडे अशी बघायची, की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. हा तिचा नवरा बालूक म्हणजे वेशीवरचा पहारेकरी. लढाईतून एक भाला आणि दीड कान घेऊन परतलेला.

लढाई आदल्या वर्षीची. तीन राजे एक होऊन आमच्या मवाबवर चालून आले, दक्षिणेकडून, अदोमच्या वाळवंटाला वळसा घालून. त्यांच्यात सगळ्यांत मोठं सैन्य इस्राएलचं. त्यांनी येताना तीन कामं केली. चांगलं झाड दिसलं की तोडलं, चांगलं शेत दिसलं की त्यावर प्रत्येकानं एकेक दगड टाकला, आणि विहीर दिसली की बुजवली. मग एके दिवशी ते आले तसे निघूनही गेले. का गेले, त्याबद्दल मोठी माणसं अजून मोठ्यानं बोलत नाहीत. मागे राहिले ते दगड. सकाळच्या धुक्यात शेतं पाहिली की वाटे, कुणीतरी पांढऱ्या मेंढ्यांचा कळप चरायला सोडलाय आणि तो चरता चरता झोपी गेलाय.

आता कुणी म्हणेल, गावाला आपल्या विहिरी सापडू नयेत? अहो, आमच्याकडे विहीर सांगायची ती झाडावरून. 'वाकड्या बदामाच्या सावलीत', 'जुळ्या अंजिरांच्या मधोमध'. विहिरीचं तोंडही केवढं, तर एका शिळेनं झाकेल एवढं. झाडं गेली, सावल्या गेल्या, आणि खालच्या कुरणातल्या विहिरी ज्या मेंढपाळांना पाठ होत्या ते वेढा पडलेल्या नगराच्या तटावर लढताना मेले. उरलेल्या बायका दिवस उजाडायच्या आत खोऱ्यात उतरायच्या आणि अर्धी पखाल खारट पाणी घेऊन दुपारी वर यायच्या.

त्यांच्यातच शिमरीत. वय तिशीच्या आसपास, अंगानं काटक, जिभेनं त्याहून. तटावर पडलेल्या गोफणकऱ्यांत तिचा एकुलता एक भाऊ होता. घरी अकरा मेंढ्या आणि एक खोली. लग्न झालं नव्हतं, कारण तिला बघायला आलेल्या प्रत्येकाची ती नक्कल करून दाखवायची.

सैन्य निघून गेल्यावर दोनच दिवसांनी, गावापासून बरंच लांब, तिच्या मेंढ्यांच्या वाडग्यामागच्या गुहेत, तिला तो सापडला. मांडी मोडलेली, दाढीत माती, अंगावर पलीकडच्यांचा, इस्राएलचा अंगरखा. त्याचं सैन्य त्याला विसरून गेलं होतं. शिमरीतनं दगड उचलला. दगडांना काही तोटा नव्हता.

त्यानं डोळे उघडले आणि तो एकच शब्द बोलला. "मायीम."

पाणी. आम्ही म्हणतो मायीन, ते म्हणतात मायीम. त्यांची आमची भाषा अशी, की एकमेकांच्या शिव्यासुद्धा समजतात. फरक शेवटच्या अक्षरात. आमचं पाणी म्हणताना तोंड उघडं राहतं, त्यांचं म्हणताना ओठ मिटतात. एवढ्या फरकावर लोकांनी एकमेकांची पोटं फाडलीत.

"पाणी मागतोस?" शिमरीत म्हणाली. "तुम्हीच बुजवलंत ना? मग दगड चोखा."

त्यानं बोट उचललं. सहा पावलांवर दगडांचा ढीग होता. "तिथं आहे."

"काय आहे तिथं?"

"विहीर. वरचे दगड नुसते दाखवायला. दीड हातावर आडवी शिळा आहे. खाली मायीम."

"आणि तुला रे काय माहीत?"

"मीच बसवली शिळा." त्याला दम लागत होता. "मी विहिरी खणणारा. एफ्राइमच्या डोंगरातला. म्हणून तर आमच्या तुकडीच्या नायकानं मला विहिरी बुजवायला लावलं. पण बापानं खणायला शिकवलेलं, मारायला नाही. नायक पाठ फिरवायचा, तेवढ्यात मी शिळा आडवी अडकवायचो. वर ढीग."

 हातातला दगड शिमरीतनं खाली ठेवला नाही. तसाच घेऊन ती ढिगापाशी गेली, तो बाजूला टाकला, मग दुसरा, मग तिसरा. शिळा सरकली तेव्हा आतून गार श्वास आला, कुणी फार दिवसांनी कुशीवर वळावं तसा. खाली अंधारात आभाळाचा एक तुकडा थरथरत होता.

आधी ती प्यायली. मग मेंढ्या प्यायल्या. मग तो.

"अशा किती केल्यास?"

"खालच्या कुरणातल्या सगळ्या. एक सोडून."

"नाव काय तुझं?"

"अहियाम."

"नावसुद्धा ओठ मिटून," ती म्हणाली, आणि तिथेच बसली. याला गावात न्यावं तर बालूकचा भाला तयार होता. न न्यावं तर गाव तहानेनं संपणार. गावाला विहिरी हव्या होत्या आणि विहिरी याच्या डोक्यात होत्या. प्रश्न फक्त तोंडाचा होता.

मांडी सांधेपर्यंत तिनं त्याला गुहेत ठेवलं, भावाचा अंगरखा घातला, दाढी आमच्यासारखी कातरली. मग गावात आणून सांगितलं, "हा माझा नवरा. आर्णोन नदीपलीकडच्या आपल्याच मुलखातला मेंढपाळ. लढाईत भेदरला, तेव्हापासून वाचा गेलीय." गावानं त्याला नाव दिलं हेरेश, म्हणजे मुका. आणि दुसऱ्याच सकाळी शिमरीत डोळे चोळत चौकात आली आणि म्हणाली, "मला एक स्वप्न पडलं."

तिनं सांगितलेल्या जागी लोकांनी उकरलं. दीड हातावर शिळा, खाली पाणी. बायका रडल्या. बालूक विहिरीच्या काठावर पालथा पडून मेंढीसारखा प्यायला.

मग काय विचारता! गावानं शिमरीतला झोपवायचा ध्यासच घेतला. दुपार झाली की गाढवांच्या तोंडाला फडकी बांधायचे. भट्टीवर भाकरी थापायची ती बोटांच्या टोकांनी. पोरं रडू लागली की आया त्यांना उचलून टेकडीपलीकडे पळायच्या. कुणी लोकरीचं अंथरूण आणून दिलं, कुणी घट्ट दही, झोप चांगली लागते म्हणून. सगळं गाव श्वास रोखून तिच्या दाराबाहेर सावलीला बसायचं. खाऱ्या समुद्राकडून येणारा वारासुद्धा तेव्हा पाय न वाजवता आल्यासारखा वाटे. आणि आत शिमरीत डोळे टक्क उघडे ठेवून पडलेली, भिंतीकडे तोंड करून, कारण तिला हसू येत होतं.

तिच्या शेजारी अहियाम मेंढीची लोकर पिंजत बसायचा आणि तिच्या कानाशी पुढच्या विहिरीची खूण सांगायचा. "तुटलेल्या बदामाचं खोड आहे ना, त्याच्या उगवतीला वीस पावलं."

"म्हण, मायीन."

"मायीम."

"ओठ मिटू नकोस! तोंड उघडं ठेव, मूर्खासारखं. तुला जमेल."

"मायी..." तो थांबायचा, अक्षरावर बोट ठेवल्यासारखा, आणि मग ओठ आपोआप मिटायचे. "म."

"अरे, आमची मेंढीसुद्धा शिकली असती आतापर्यंत."

"तुमची मेंढी 'म'वर सुरू करते," तो पुटपुटायचा.

ती त्याला मुद्दाम अहियान म्हणायची. "अहियाम," तो दुरुस्त करायचा. "माझ्या घरात अहियान," ती म्हणायची.  भावाचा अंगरखा याच्या खांद्यांना बरोबर बसला होता. तिला त्याचा राग यायचा, आणि तो अंगरखा उसवला की तीच शिवायची.

लोकांनी मुक्याला बोलतं करायचे उपायही सुरू केले होते. भेदरून गेलेली वाचा भेदरवली की परत येते, असं आमच्याकडे मानतात. बालूक मागून येऊन ढाल आपटायचा. अतारा मनुक्यांची वडी नाकासमोर धरून म्हणायची, "भावजी, एकदा 'दे' म्हणा, सगळी तुमची." अहियाम ओठ मिटूनच वडी ओढून घ्यायचा. शिमरीत मधे पडून त्याला घरात ओढायची. नशीब, की त्याच सुमारास ती जिभेची कुजबुज निघाली. जीभच नाही म्हटल्यावर उपाय थांबले, आणि लोक तिच्याकडे जरा भीतीनं, जरा कौतुकानं बघू लागले.

एकदा मात्र घोटाळा झाला. रोज दुपारी झोपेचं सोंग घेता घेता शिमरीतला खरीच झोप लागली, आणि खरंच स्वप्न पडलं. भाऊ एका अंजिराखाली उभा होता. गोफण कमरेला, पाय ओले. "इथं बघ गं," तो म्हणाला. ती उठली ती थेट बाहेर धावली. अहियामनं तिचा पदर धरला, मान हलवली, पण ती कुठली ऐकते! गाव दोन दिवस तिथे खणत होतं. निघालं काय, तर तोडलेल्या अंजिराचं मूळ, आणि त्याला फुटलेला बोटभर हिरवा कोंब.

"देव म्हातारा झाला," बालूक कुदळ टाकून म्हणाला. "नाहीतर बाई खोटी झाली."

शिमरीतनं कोंबाभोवती दगडांचं कुंपण घातलं आणि ती घरी आली. त्या दिवशी अहियामनं तिला काही शिकवू दिलं नाही. तिची लोकरही तोच पिंजत बसला.

मेंढ्या वियायच्या दिवसांत उघडलेल्या विहिरी तळाला गेल्या. आता उरली होती फक्त ती एक. म्हातारीची विहीर. चाळीस हात खोल, कधी न आटलेली. तिच्यातच नायकानं काठावर उभं राहून तळापासून कंठापर्यंत भराव करवला होता. तिथे शिळा अडकवायला सवड मिळाली नव्हती. अहियाम ती जागा सांगायला तयार नव्हता. ओठ मिटून, पाठ फिरवून बसायचा.

"तिला मी खरंच मारलं," शेवटी तो म्हणाला.

"मग तूच जिवंत कर," शिमरीत म्हणाली. "नाहीतर लोक म्हणतील बाई खोटी. आज म्हणतील बाई खोटी, उद्या विचारतील नवरा कुठला."

तिनं स्वप्न सांगितलं. गाव आता अर्ध्या विश्वासानं आलं. मुका कमरेला दोर बांधून उतरला, कारण आतून बांध ढासळू न देता दगड काढायची हातोटी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत टोपल्या वर येत राहिल्या. तो सकाळी आत जायचा आणि संध्याकाळी धुळीनं पांढरा होऊन निघायचा, जणू दगडांपैकीच एक दगड. गाव काठावर बसून राही. विहीर बोलायची की गप्प राहायची, यावर माणसं आणि मेंढ्या अडकलेल्या.

काठावर सर्वांत पुढे असायचा इथमाबाबा. शिमरीतचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. डोळे जाऊन वीस वर्षं झालेली, पण कान असे, की ओरडणं ऐकून मेंढी कुणाची ते सांगायचा, आणि गावातले मेंढ्यांचे तंटे त्याच्या कानावर मिटायचे. त्याचा मुलगाही तटावरच गेला होता.

पौर्णिमेच्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, खालून कुदळीचा आवाज थांबला. मग एक बारीक खळखळ. आणि मग विहिरीतून आरोळी आली, आनंदानं फुटलेली, चाळीस हातांच्या दगडी कंठातून घुमत घुमत वर चढलेली.

"मायीम!"

दोर शिमरीतच्या हातात होता. चेहरे एकमेकांकडे वळले.

"म!" बालूक ओरडला. "म म्हणाला! ऐकलंत ना?"

"न होता," अतारा म्हणाली. "घुमलं म्हणून तुम्हाला तसं वाटलं. आणि कान तरी दीडच."

"म होता! आणि मुका बोलला कसा?"

"जीभच नाही त्याला."

"म ओठांनी येतो, बायको! त्याला जीभ कशाला?"

"मग 'य' काय नाकानं आणला?"

बालूक भाला उचलून दोरापाशी आला. खाली अहियाम पाण्यात उभा होता. वर यायला दुसरी वाट नव्हती. शिमरीतनं दोर मनगटाला गुंडाळून घेतला.

"इथमाबाबांना विचारा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळं गाव त्या आंधळ्या तोंडाकडे बघू लागलं. "बाबा, तुम्ही काय ऐकलंत?"

 म्हाताऱ्यानं हात पुढे केला. "आधी पाणी."

शिमरीतनं पोहरा वर ओढला. दोर मनगटावर रुतत होता. म्हाताऱ्यानं पोहरा दोन्ही हातांनी धरला, वास घेतला, एक घोट तोंडात फिरवला, गिळला. मग दुसरा. इतका वेळ लावला, की बालूकचा भाल्याचा हात दुखू लागला.

"विहीर बोलली," इथमा म्हणाला.

"पण म..."

"म होताच. माझ्या कानाला काय झालंय? वर्षभर तिच्या पोटात पलीकडच्यांचे दगड होते, बालूक. भाषा बिघडणारच. चार पोहरे उपसा, सुधारेल."

 अतारा फिसकन हसली, तिच्यामागे बायका, आणि बालूकला भाला टेकवून पोहऱ्यासाठी रांगेत उभं राहावं लागलं.

संध्याकाळी शिमरीत म्हाताऱ्याचा हात धरून त्याला घरी नेत होती. उघड्या माळावरचे दगड गुलाबी झाले होते, आणि मागून पोहऱ्यांचा आवाज येत होता, एकसारखा, पेंगुळलेला.

"नवऱ्याला सांग, तोंड उघडं ठेवत जा म्हणावं," इथमा म्हणाला.

ती थबकली. "कधीपासून माहीत आहे, बाबा?"

"पहिल्या दुपारपासून. भिंत केवढीशी आपली. मायीन म्हण, मायीन म्हण. मलाच पाठ झालं."

"मग बोलला का नाहीत? तुमचा मुलगा..."

"हो," म्हातारा म्हणाला. त्यानं वाटेतला दगड पायानं चाचपून ओलांडला. "तहान लागली होती, पोरी."

त्यानंतर त्याबद्दल कुणी कुणाशी बोललं नाही. अंजिराचा कोंब वाढला, त्याला पानं आली, आणि लोक खूण सांगू लागले, 'शिमरीतच्या अंजिरापासून डावीकडे'. अहियाम जन्मभर गावात मुकाच राहिला. गावाच्या नव्या विहिरी त्यानंच खणल्या. त्याची पोरं मायीन म्हणतात. घरात आई नसली की मायीम.

आणि जिभेची ती कुजबुज? ती शिमरीतनंच अताराच्या भट्टीपाशी सोडली होती, लोकांनी तिच्या नवऱ्याला बोलतं करायचे उपाय थांबवावेत म्हणून. कमोशदेवाला काही वाहिलेलं नव्हतं. तिला स्वप्न पडलं ते एकदाच, आणि तिथे पाणी नव्हतं. विहिरी तिच्या नवऱ्याला ठाऊक होत्या, कारण त्या त्यानंच बुजवल्या होत्या. त्याची जीभ तोंडात धड होती.